ताईची झाडं आणि आप्पांचं पाणी

ताईला निवांत बसलेली कोणी पाहिली नव्हती. घरातून निघाली की अर्धा जिना उतरून पुन्हा वर जायची, गॅस बंद आहे ना ते बघायला. भाऊ दुसऱ्या शहरात राहायचा. त्याचा फोन लागला नाही की हिच्या डोळ्यांसमोर अपघात, आणि लागला तर "आवाज असा का येतोय तुझा?" हा पहिला प्रश्न. भाऊ म्हणायचा, "आमच्या ताईला काळजी करण्यासारखं काही नसलं, तर तिला त्याचीच काळजी लागते."

ताई ती सगळ्यांचीच होती. इमारतीतली माणसं, दुकानातली माणसं, दुकानाचा मालकसुद्धा तिला ताईच म्हणायचा. फक्त वडील, म्हणजे आप्पा, तिला अजून 'ठमे' म्हणून हाक मारायचे. लहानपणी ती गुटगुटीत होती, तेव्हापासूनचं ते नाव. आता पन्नाशीला टेकलेली, काडीसारखी झालेली ठमा चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासायची. पुढे गिऱ्हाइकं आरशात तोंड वाकडंतिकडं करून फ्रेमा निवडायची आणि मागे ताई काचेचा मध्य धरून, फिरत्या चाकावर ती फ्रेमच्या मापाची करायची. केसभर जास्त घासली गेली तर काच सैल पडते, केसभर कमी पडली तर फ्रेम तडकते. ताईच्या स्वभावाचा जगात कुठे उपयोग होत असेल, तर तो इथे.

झाडांचा नाद तिला याच दुकानाने लावला. मालकाने शोभेसाठी मॉन्स्टेराचं एक झाड आणून एसीच्या तोंडाशी ठेवलं. महिन्या-दोन महिन्यांत ते बिचारं पिवळं पडून माना टाकायला लागलं. "टाकून द्या ते," मालक म्हणाला. ताईच्याने टाकवेना. कुंडी मांडीवर घेऊन रिक्षातून ती घरी आली.

आप्पांनी चष्मा वर करून पानं पाहिली. "ठमे, सगळी फाटकी पानं! धड झाड नव्हतं का दुकानात?"

"फाटकी नाहीत आप्पा, ही अशीच असतात. अळूच्या कुळातलं आहे. पान मोठं झालं की त्याला आपोआप भोकं पडतात."

"आपल्या अळवाला नाही पडली कधी," आप्पा म्हणाले आणि वर्तमानपत्रात डोकं घातलं.

ते झाड जगलं. एका सकाळी देठाच्या बगलेतून कागदाच्या सुरळीसारखं हिरवं टोक वर आलं आणि ताई चहाचा कप हातात धरून त्याच्यासमोर बसून राहिली. सुरळी उलगडताना फाटणार तर नाही? हवा कोरडी तर नाही? पण त्या काळजीची चव वेगळी होती. बाकीच्या काळज्यांमधून काही निघत नसे, हिच्यातून पान निघालं.

मग घर भरत गेलं. बदामाच्या आकाराच्या पानांचा फिलोडेन्ड्रॉन कपाटावरून खाली लोंबायला लागला. सिंगोनियम न्हाणीघराच्या झरोक्यात गेलं. अलोकेशियाची काळपट, ढालीसारखी पानं टीव्हीच्या मागून डोकावायला लागली. सगळी एकाच कुळातली, म्हणजे एकमेकांची चुलत-मावस भावंडं. पूर्वेकडच्या खोलीतली आईची जुनी पलंगपेटी हलवून ताईने तिथे घडवंच्या मांडल्या. त्या खोलीचा मान मखमली पानांच्या एका अँथुरियमचा. गर्द हिरवं पान, त्यावर पांढऱ्या शिरा, बोट फिरवलं तर खरंच मखमल. नर्सरीवाल्या मावशींनी बरेच दिवस घासाघीस करायला लावून ते रोप तिला दिलं होतं. ताई त्याला 'राणीसाहेब' म्हणायची. राणीसाहेबांना ऊन सोसत नव्हतं, वारा सोसत नव्हता, आणि कोणी जवळून गेलेलं तर मुळीच सोसत नव्हतं.

पाण्याचा नियम मात्र सगळ्यांना सारखा. दर रविवारी ताई प्रत्येक कुंडीत बोट खुपसून बघायची. माती आतपर्यंत कोरडी लागली तरच पाणी. या झाडांना तहान एक वेळ चालते, पण पाणी तुंबलं की मुळं कुजतात, हे मावशींनी तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं आणि ताई बजावलेलं विसरणाऱ्यांपैकी नव्हती.

म्हणूनच सिंगोनियम पिवळं पडलं तेव्हा तिला काही कळेना.

मागोमाग फिलोडेन्ड्रॉनचं खोड बुडाशी मऊ झालं. ताईने कुंडी उलटी केली तर आंबूस वास आला. मुळं तपकिरी, बुळबुळीत. बोटात धरून ओढलं की वरची साल हातात यायची आणि मागे नुसता दोरा. मातीत काही आलं असेल? नवीन आणलेल्या नारळाच्या भुशात बुरशी असेल? तिने सगळी माती बदलली, आजारी कुंड्या स्वतःच्या खोलीत वेगळ्या ठेवल्या, त्यांना हात लावला की साबणाने कोपरापर्यंत हात धुवायची, कपडे बदलायची. घरात साथ आल्यासारखं वातावरण. कामावरही तिचं लक्ष लागेना. एका गिऱ्हाइकाची डावी काच तिने उजवीच्या मापाने घासली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मालकाने नुसती नवी काच आणून दिली, आणि त्याचीच तिला जास्त धास्ती वाटली.

शेवटी कुजकं मूळ पिशवीत घालून ती नर्सरीत गेली. मावशींनी ते नुसतं नाकाशी धरलं.

"पाणी जास्त होतंय."

"मावशी, मी रविवारशिवाय थेंब घालत नाही."

"मग मुळं खोटं बोलतायत?"

ताईला राग आला. तशीच तणतणत ती घरी आली, तर जिन्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वाट अडवून उभ्या. "अहो ताई, तुमच्या खिडकीतून पाणी ठिबकतं. दोन आठवडे झाले, माझ्या चादरी वाळतच नाहीत."

"आमच्याकडून नाही हो काकू. कोणाच्या तरी एसीचं असेल."

तिने आप्पांना विचारलं. आप्पा गंभीर झाले. जन्मभर त्यांनी पाणीपुरवठा खात्यात व्हॉल्व्हमन म्हणून काम केलं होतं. लांब दांड्याची चावी घेऊन सायकलवरून फिरायचं, या भागाचं पाणी बंद करायचं, त्या भागाचं सोडायचं. गळतीचा विषय म्हणजे त्यांच्या घरचा. "कुठेतरी पाइप फुटला असणार," ते म्हणाले. "बघायला हवं."

बघायला हवं होतं खरं, पण पाइपाकडे नव्हे. आप्पा हल्ली दुपारी तेच वर्तमानपत्र पुन्हा पहिल्या पानापासून वाचायचे आणि त्याच बातमीवर सकाळइतकेच भडकायचे. ताईला वाटायचं, रिकामा माणूस, दुसरं करणार काय. बोलता बोलता त्यांचा शब्द अडायचा. तिला वाटायचं, वय झालं. ज्या बाईला पानावरचा टाचणीएवढा डाग दारातून दिसायचा, तिला हे दिसलं नाही.

त्या दिवशी दुकानातलं घासायचं यंत्र बंद पडलं आणि ताई दुपारीच घरी आली. तिने किल्लीने दार उघडलं. आप्पा पूर्वेकडच्या खोलीत होते, हातात न्हाणीघरातला मग. वाकून, अगदी जपून, ते राणीसाहेबांना पाणी घालत होते.

ताईला क्षणभर बरंच वाटलं. आप्पांनाही लळा लागला म्हणायचा! ती हाक मारणार, तेवढ्यात ते सगळ्या कुंड्यांना पाणी घालून स्वयंपाकघरात गेले, हातातला मग पालथा घातला, खुर्चीत बसले. खिडकीबाहेर पाहिलं. नंतर झाडांच्या खोलीकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी पडली. ते उठले, मग घेतला, भरला, आणि पुन्हा राणीसाहेबांपासून सुरुवात केली.

ताई चपला हातात धरून बोळकांडीतच उभी राहिली. आप्पा पुन्हा बसले. पुन्हा उठले.

"आप्पा," तिचा आवाज तिलाच ओळखू येईना, "झाडांना पाणी घातलंत का?"

"नाही ना. आत्ता घालतोय." ते हसले. "सकाळपासून कोणी बघितलंच नाही गं यांच्याकडे. कोरडी ठाक पडलीत."

कुंड्यांखालच्या बश्या काठोकाठ भरल्या होत्या आणि खिडकीच्या कट्ट्यावरून पाण्याची बारीक धार काकूंच्या चादरींकडे चालली होती.

पहिल्यांदा ताईला हायसं वाटलं. बुरशी नव्हती, मातीत खोट नव्हती, तिच्या हातून काही चुकलं नव्हतं. मग तिचं लक्ष आप्पांच्या बाह्यांकडे गेलं. कोपरापर्यंत चिंब. ते मग धरून तिच्याकडे बघत होते, शाबासकीची वाट बघणाऱ्या पोरासारखे. ताईने चपला खाली ठेवल्या आणि त्यांच्या ओल्या बाह्या एकेक करून वर दुमडल्या.

तिने कोणाला सांगितलं नाही. सांगितलं की ते खरं होईल, असं काहीतरी तिच्या डोक्यात होतं. तिने खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात कागद लावला : 'आज पाणी घातलं आहे.' आप्पांनी तो मोठ्याने वाचला, "कोणी घातलं? मला तर कोणी दिसलं नाही," म्हणाले आणि मगात पाणी भरायला गेले. तिने मग लपवला, तर पातेलं आलं. पातेली वरच्या फळीवर गेली, तर आप्पा चहाच्या कपाने खेपा घालू लागले. दुकानात बसल्या बसल्या तिला तो कप दिसायचा, ओली फरशी दिसायची, फरशीवरून घसरणारा पाय दिसायचा. दर थोड्या वेळाने ती घरी फोन करायची. "काय करताय आप्पा?" "काही नाही, बसलोय." त्यात मागे नळाचा आवाज.

शेवटी तिने सगळ्या कुंड्या पूर्वेकडच्या खोलीत नेल्या आणि तिला कुलूप घातलं.

त्या दिवशी संध्याकाळी ती आली तेव्हा खोलीचं कुलूप जागेवर होतं आणि घराचं दार सताड उघडं होतं. आप्पा नव्हते. न्हाणीघरात नाहीत, गच्चीवर नाहीत, खालच्या काकूंकडे नाहीत. त्यांची चप्पल मात्र दाराशीच होती. अनवाणी गेले होते.

ताईच्या तोंडचं पाणी पळालं. ती कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे धावली, औषधाच्या दुकानात गेली, बसथांब्यावर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत फिरली. "उंच आहेत, पांढरा शर्ट, अनवाणी..." एवढं सांगून ती पुढच्या माणसाकडे वळायची. काकूंनी चादरींचं भांडण बाजूला ठेवून रस्त्याची दुसरी कड धरली. अंधारून यायला लागलं. रस्त्यावरून मोटारी भरधाव जात होत्या आणि प्रत्येक ब्रेकच्या आवाजाला ताई मागे वळून बघत होती.

काकूंनीच शोधलं. दोन गल्ल्या सोडून एका मोठ्या इमारतीच्या पंपाच्या खोलीपाशी आप्पा स्टुलावर बसले होते. तिथल्या रखवालदाराने त्यांना स्वतःचं स्टूल दिलं होतं आणि स्वतः उभा होता. आप्पांचा तळवा जाड पाइपावर होता.

"मघापासून उठायलाच तयार नाहीत," रखवालदार म्हणाला. "म्हणतात, भागात पाणी नाही, चावी घरी कोंडून ठेवलीय. मी म्हटलं, बसा. घरचं कोणी येईल."

ताई त्यांच्यापुढे उकिडवी बसली. त्यांच्या पायाला काच लागली होती, टाचेपाशी रक्त सुकलं होतं. तिने ओढणीने ते पुसलं.

"चला आप्पा घरी."

"पाणी सुटलं का?"

"सुटलं."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

मग ते लगेच उठले.

भावाला सांगावंच लागलं. त्याने फोनवर सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, ती झाडं देऊन टाक आधी. मूळच गेलं की..."

"मूळ झाडांत नाहीये रे." ताई कधी नव्हे ती त्याच्यावर ओरडली. "झाडं गेली तर दिवसभर करतील काय ते? रस्ते शोधत फिरतील? तुला काय, फोन ठेवला की झालं!"

ताईने फोन ठेवला आणि लगेच तिला काळजी लागली, त्याला फार लागलं तर नसेल.

डॉक्टरीणबाईंनी आप्पांना प्रश्न विचारले, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले. आप्पांनी शब्द विसरून त्यांनाच विचारलं, "तुमच्याकडे वरच्या मजल्यावर पाणी चढतं का नीट?" डॉक्टरीणबाई हसल्या, पण नंतर ताईला एकटीला आत बोलावलं. आजाराचं नाव सांगितलं. औषधाने वेग थोडा कमी होईल, मागे फिरणार नाही, म्हणाल्या. आणि शेवटी, "ते जे करतायत ते थांबवत बसू नका. फक्त त्यात त्यांना इजा होणार नाही एवढं बघा."

हे वाक्य घेऊन ताई नर्सरीत गेली. रडणार नाही असं ठरवलं होतं, पण मावशींनी नुसतं "बस गं" म्हटलं आणि धरण फुटलं. मावशींनी तिला रडू दिलं, मग पदराने हात पुसत म्हणाल्या, "मातीत कुजतात ना? मग मातीतून काढ की. या जातीची बरीचशी झाडं नुसत्या पाण्यात जगतात. खोडाच्या पेराला पाण्यात मुळं फुटतात, ती वेगळी असतात, कुजत नाहीत. घालू देत त्यांना किती पाणी घालायचं ते."

"आणि भरून वाहिलं की?"

"त्याला वाट करून दे."

वाट करायला ताईने नळदुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने पूर्वेकडच्या खोलीत खिडकीखाली पत्र्याची लांब पन्हाळी बसवली, बरण्या तिच्यात उभ्या राहतील अशी, आणि तिच्या टोकाचा पाइप भिंतीतून न्हाणीघरात सोडला. आप्पा सकाळपासून त्याच्यामागे उभे होते. ताईचा जीव वरखाली होत होता. हत्यारं पडलीयत, पत्र्याच्या कडा धारेच्या. "आप्पा, मागे या." आप्पा ऐकेनात. नळदुरुस्तीवाल्याने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पाइपाचं दुसरं टोक आप्पांच्या हातात दिलं. "काका, जरा धरा हे. हलवू नका." आप्पांनी ते असं धरलं, जसं काही सगळ्या गावाचं पाणी त्यातून जाणार होतं.

ताईने कुजका भाग कापून टाकला, मुळं धुतली, वाचलेली पेरं काचेच्या बरण्यांत उभी केली. सगळी आली नाहीत. राणीसाहेबांचं तर मातीतच संपलं होतं. वरचं पान शेवटपर्यंत मखमली राहिलं आणि एका सकाळी देठातून निखळून पडलं. ताईने ते दिवसभर टेबलावर ठेवलं, मग टाकलं. अलोकेशिया तिने स्वतःच मावशींना देऊन टाकली. ही सगळीच पानं चावली तर तोंडाला आग लावणारी, पण अलोकेशियाचं पान दिसायला अगदी घरच्या अळवासारखं. आज आप्पा पाणी घालतायत, उद्या ते पान खुडून चिरायला घेतलं तर? बाकीच्या बरण्या तिने हात पोहोचेल पण पान सहज तोंडाशी येणार नाही अशा बांधल्या. तरी दुकानात ती विचार करायचीच. दुपारी आप्पांपाशी आता काकू येऊन बसायच्या, स्वतःचं शिवणकाम घेऊन. तरीही ताई फोन करायचीच.

काही आठवड्यांनी बरण्यांच्या काचेतून पांढरी, जाड नवी मुळं दिसायला लागली. आप्पा मग घेऊन ओळीने फिरायचे. बरणी भरायची, वाहायची, पन्हाळीतून झुळझुळ आवाज करत पाणी निघून जायचं. तो आवाज त्यांना आवडायचा. मध्येच थांबून ते पत्र्यावर हात ठेवायचे.

"कोणी केलंय गं हे? काम चांगलं आहे."

"तुम्हीच केलंत आप्पा. नळवाल्याबरोबर."

"मी?" ते विचार करायचे. "असेल."

आणि मग भाऊ आला. फोनवरच्या भांडणानंतर त्याने काही कळवलं नव्हतं, सरळ रजा टाकून बॅग घेऊन दारात उभा. ताईने त्याला पाणी दिलं, त्याचं तोंड उतरलंय का ते निरखलं, प्रवासात जेवला का विचारलं. त्याचं लक्ष नव्हतं. तो पूर्वेकडच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला.

"आप्पा."

आप्पांनी वळून पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं. ताई भावाच्या मागे येऊन उभी राहिली. तिला माहीत होतं, आठवडाभर आधीच माहीत होतं, पण भावाला सांगायचं तिच्याने झालं नव्हतं.

"नवीन माणूस का?" आप्पा म्हणाले. "बरं झालं पाठवला. एकट्याने होत नाही हल्ली."

भावाचा चेहरा असा झाला की ताई मध्ये पडणार होती. आप्पा, हा तुमचा मुलगा, हा धाकटा, असं सांगणार होती. पण भावाने हात मागे करून तिला थांबवलं. त्याने बाह्या वर केल्या.

"हो साहेब," तो म्हणाला. "आजच आलो. कुठून सुरुवात करायची?"

"घाई नाही करायची," आप्पांनी त्याच्या हातात मग दिला आणि त्याच्या खांद्याला धरून पहिल्या बरणीपाशी नेलं. "आधी नीट बघायचं, कोणाला मिळालं नाही ते. मग सोडायचं. हळू. धार लागली की मुळाला लागतं."

भाऊ वाकला. त्याची धार चुकली, पाणी बरणीच्या बाहेर सांडलं.

"होतं असं सुरुवातीला," आप्पा म्हणाले. "परत भर."